अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी ई-प्रिस्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर काढायचं आहे. कोणते कायदे सांभाळावे लागतील आणि उत्पन्न कुठून उभं करावं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सॉफ्टवेअर डॉक्टरांना फुकट द्यायचं, खर्च औषध कंपन्यांकडून काढायचा आणि कायद्याचं 'शेवटी वकिलाकडून तपासून घ्यायचं' असा बेत आहे. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे, म्हणून आधी या बेताबद्दलच बोलते. या क्षेत्रात कायदा आणि उत्पन्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. पैसे कोण देणार हे ठरवलंत की कोणता कायदा लागू होणार हेही त्याच दिवशी ठरतं.

प्रॅक्टिस फ्यूजन ही कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर फुकट देत असे आणि जाहिरातींवर चालत असे. पुढे तिने औषध कंपन्यांकडून पैसे घेऊन तपासणीच्या वेळी स्क्रीनवर येणाऱ्या वैद्यकीय सूचना तयार करताना त्यांना लुडबुड करू दिली. वेदनांवरच्या एका सूचनेसाठी ओपिऑइड (अफूच्या जातीची, व्यसन लावणारी वेदनाशामकं) बनवणाऱ्या कंपनीकडून जवळजवळ १० लाख डॉलर घेतले गेले. ही सूचना २०१६ ते २०१९ या काळात डॉक्टरांसमोर येत राहिली. देशात ओपिऑइडमुळे माणसं मरत होती तेव्हाची ही गोष्ट आहे. जानेवारी २०२० मध्ये फौजदारी आणि दिवाणी अशी दोन्ही प्रकरणं मिटवायला १४.५ कोटी डॉलर मोजावे लागले. ऑलस्क्रिप्ट्स या आरोग्य-सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०१८ मध्ये ती अख्खी कंपनी १० कोटी डॉलरना विकत घेतली होती, म्हणजे दंडच खरेदीच्या किमतीपेक्षा मोठा झाला.

यामागचा कायदा म्हणजे अँटी-किकबॅक स्टॅट्यूट. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा) ज्याचे पैसे भरतं, अशा औषधाची शिफारस व्हावी म्हणून जाणूनबुजून काही देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे. दर उल्लंघनाला एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरात दिसली की लगेच गुन्हा झाला, असं नाही. पण डॉक्टर औषध निवडत असतानाच्या त्या स्क्रीनवर कुणाच्याही पैशाने काहीही हलू नये, असं माझं ठाम मत आहे. औषधांच्या यादीचा क्रम, आधीच भरून आलेली मात्रा, 'हेही पाहा' असा चौकोन, सगळं त्यात आलं.

डॉक्टरांना फुकट देण्याची एक सरळ वाट मात्र कायद्याने ठेवली आहे. २००६ पासूनच्या सवलतीनुसार रुग्णालय आपल्या डॉक्टरांना ई-प्रिस्क्रिप्शनची साधनं देऊ शकतं, पण ती फक्त त्याच कामाची असली पाहिजेत आणि त्यांच्या बदल्यात रुग्ण पाठवण्याची अट घालता येत नाही. तुम्ही रुग्णालयांना विकणार असाल तर हे नीट वाचा.

डेटा विकायचा विचार पुढे येईलच, म्हणून तेही सांगते. रुग्णांची ओळखता येईल अशी माहिती विकायला हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली प्रत्येक रुग्णाची लेखी परवानगी लागते, आणि २०१३ च्या नियमांपासून तुमच्यासारखी सेवा देणारी कंपनीही थेट जबाबदार असते. डॉक्टर काय लिहून देतात याचा, रुग्णांची ओळख काढलेला, डेटा विकण्यावर व्हरमाँट राज्याने निर्बंध घातले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केले. त्यामुळे तो बाजार कायदेशीर आहे. तरी मी त्यात पडले नसते. आपल्याच प्रिस्क्रिप्शनची माहिती घेऊन औषध कंपनीचा प्रतिनिधी दारात उभा राहतोय, हे कळल्यावर डॉक्टर आपल्या सॉफ्टवेअरवर विश्वास का ठेवेल?

आता सगळ्यात जास्त काम कुठे आहे ते. नियंत्रित औषधांची (ओपिऑइडसारखी, गैरवापर होऊ शकणारी) प्रिस्क्रिप्शनं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला डीईए या अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१० मध्ये परवानगी दिली, पण अटी कडक ठेवल्या. डॉक्टरची ओळख आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून पडताळावी लागते. सही करताना तीनपैकी दोन गोष्टी लागतात: माहीत असलेलं काही, जवळ असलेलं काही, किंवा बोटाच्या ठशासारखं शरीराचं काही. कुणाला सहीचा अधिकार द्यायचा हे सिस्टिममध्ये एकट्या माणसाला करता येत नाही, दोघं लागतात. सॉफ्टवेअरचं बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट होतं आणि नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात.

सहीची स्क्रीन कशी असावी हेसुद्धा नियमात आहे. रुग्णाचं नाव, औषध, ताकद, संख्या, कसं घ्यायचं, सगळं समोर दिसलं पाहिजे. डॉक्टरने प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर 'सहीला तयार' अशी खूण करायची आणि मगच ओळख पटवायची. एकाच रुग्णाची चार प्रिस्क्रिप्शनं एका पडताळणीत चालतात, दोन रुग्णांची एकत्र चालत नाहीत. सही झाल्यावर त्यातलं काही बदलता येत नाही.

गर्दीच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरला हे जड जातं आणि टोकन, म्हणजे सहीसाठी 'जवळ असलेलं' ते छोटं उपकरण, नर्सच्या हातात जातं. हे सरळसरळ बेकायदेशीर आहे, कारण ते टोकन डॉक्टरने फक्त स्वतःपाशी ठेवायचं असतं. पण प्रिस्क्रिप्शन तयार करून ठेवायला नर्सला पूर्ण मुभा आहे. तेव्हा मेहनत तिथे घ्या: तयारीची स्क्रीन नर्ससाठी इतकी सोपी करा की डॉक्टरला वाचणं आणि सही करणं एवढंच उरेल. मी पाहिलंय, क्लिनिकं याच एका गोष्टीवर सॉफ्टवेअर बदलतात.

हा भाग पहिल्या आवृत्तीत नको, पुढे बघू, असं ठरवू नका. न्यूयॉर्कने २७ मार्च २०१६ पासून, काही अपवाद सोडून, सगळीच प्रिस्क्रिप्शनं इलेक्ट्रॉनिक केली. मेडिकेअरच्या औषध योजनेत नियंत्रित औषधांसाठीची सक्ती २०१८ च्या कायद्याने आली आणि २०२३ पासून डॉक्टरांची अशी किमान ७० टक्के प्रिस्क्रिप्शनं इलेक्ट्रॉनिक आहेत का, हे पाहिलं जातं. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी स्थानिक वकील सुरुवातीपासून हवा. सगळं स्वतः बांधायला पैसे नसतील तर ऑडिट झालेलं तयार मॉड्यूल घेऊन त्यावर आपला पुढचा भाग उभा करा.

नेटवर्कचं म्हणाल तर, डॉक्टरकडून फार्मसीपर्यंत संदेश नेण्याच्या बाजारात शुअरस्क्रिप्ट्सचा वाटा किमान ९५ टक्के असल्याचं एफटीसी या बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ च्या दाव्यात म्हटलं होतं. ग्राहकांना बांधून ठेवणाऱ्या करारांवरून तो दावा होता आणि २०२३ च्या समझोत्यात असे करार करायला मनाई झाली. त्या नेटवर्कला जोडून घ्यावंच लागेल. मात्र तुमच्या करारात कुठेही 'फक्त आमच्याकडूनच' असा अर्थ निघत असेल तर सही करण्याआधी विचारा.

मग पैसे कुणाकडून घ्यायचे? डॉक्टरांकडून किंवा रुग्णालयांकडून, दरमहा, उघडपणे. त्यासाठी त्यांना पैसे द्यावेसे वाटतील अशी कामं करा. अशी कामं पुष्कळ पडून आहेत. डॉक्टर आपल्या नोंदीत औषध बंद करतो, पण फार्मसीला ते कळतच नाही आणि तिथे ते औषध रुग्णाला आपोआप पुन्हा दिलं जातं. प्रिस्क्रिप्शन रद्द करण्याचा संदेश ई-प्रिस्क्रिप्शनच्या ठरलेल्या मानकात आहे. तो दोन्ही बाजूंनी चालतो का आणि फार्मसीचं उत्तर डॉक्टरला दिसतं का, ते स्वतः तपासा. रुग्णाच्या विम्यात त्याच्या खिशातून किती जाणार हे लिहितानाच दिसलं, तर काउंटरवर औषध सोडून जाणारे रुग्ण कमी होतील.

औषध शोधायचा साधा डबासुद्धा लाखमोलाचा आहे. 'हायड्र' टाइप केलं की हायड्रालाझिन आणि हायड्रॉक्सिझिन एकाच यादीत येतात. पहिलं रक्तदाबाचं, दुसरं खाज आणि अस्वस्थतेवरचं, आणि दोन्हींच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक झालं की चुकीचं औषध स्वच्छ छापील अक्षरात फार्मसीत पोचतं आणि तिथे कुणाला शंकाही येत नाही. नावांचे वेगळे तुकडे ठळक करा, शेजारी औषध कशासाठी ते दाखवा, आणि निदान जुळत नसेल तर विचारा. ही सूचना जरूर दाखवा, तिचे पैसे कुणी दिलेले नसतील.