वाचक विचारतात : जपानी संसाराच्या तीन वस्तू

प्रश्न : पुण्यात जपानी शिकणाऱ्या आमच्या गटाला वस्तूंमधून तिथला बदलता संसार दाखवायचा आहे. जागा तीनच वस्तूंची. कोणत्या निवडाव्यात? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : टीव्ही-फ्रिज सगळेच मांडतात, तुम्ही तिन्ही वस्तू जेवणाच्या घ्या.

पहिली हाकोझेन, म्हणजे ज्याची त्याची लाकडी पेटी. आत वाडगे, चॉपस्टिक्स. झाकण उलटं ठेवलं की तेच ताट. जेवण झालं की भांडी चहाने किंवा गरम पाण्याने विसळून पेटीत परत. रोज घासणं नसे.

दुसरी चाबुदाई, घडीच्या पायांचं बुटकं टेबल. तैशो काळात (१९१२–२६) आणि नंतर ते पसरलं आणि घर एका टेबलाभोवती बसू लागलं. मात्र ते मिटलेलं दाखवा : पाय दुमडून भिंतीला लावलं की त्याच खोलीत गाद्या पडत.

तिसरी तोशिबाचा १९५५ चा विजेचा भातकुकर. यात दोन भांडी असतात. बाहेरच्यात मोजून पाणी घालायचं. ते आटलं की तापमान १०० अंशांच्या वर चढतं, द्विधातू पट्टी (दोन धातू जोडून केलेली) तापून वाकते, वीज तुटते. पाणी कमी पडलं तर कुकर लवकर बंद होऊन भात कच्चा, जास्त झालं तर उशिरा बंद. पहाटे चुलीपाशी बसणं यानेच संपलं. त्याच वर्षी जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं. त्याच्या फ्लॅटांत स्वयंपाकघरातच जेवणाची जागा आली आणि टेबल-खुर्च्या रुळल्या.

पाटीवर उत्पादनाचं वर्ष आणि वापराचा काळ वेगवेगळे लिहा. खेड्यांत जुनी वस्तू पुढेही बरीच वर्षं टिकली.