आयआरएच्या स्मृतिसोहळ्याला आपल्यासारख्याने जावं का?

तुम्ही विचारलंय की आयर्लंडमधल्या कॉर्कचा सहकारी किलमायकलच्या (तिथे 1920 मध्ये आयआरएने, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने, दबा धरून हल्ला केला होता) स्मृतिसोहळ्याला चल म्हणतोय, आपण परके, ती आयआरएची माणसं, तर जावं का आणि तिथे नेमकं काय असतं. जा. बिनदिक्कत जा. मी जातो आणि त्यावरून आमच्या दादांशी माझं चांगलंच वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, दबा धरून माणसं मारली त्यात कसली मर्दुमकी, आणि तू तिथे जाऊन फुलं वाहणार? गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत ज्या घरात लहानाचा मोठा झालो, तिथेच हे ऐकावं लागलं, डोकंच फिरलं माझं. दादांनी ती जागा पाहिलेली नाही. मॅक्रूमहून डनमॅनवेकडे जाणारा अरुंद रस्ता, एक वळण, आजूबाजूला खडक आणि दलदल. डांबर सोडून दोन पावलं टाकली की बूट घोट्यापर्यंत आत. मागे सटकायला वाट नाही. 28 नोव्हेंबर 1920 च्या रविवारी आयआरएचा म्होरक्या टॉम बॅरी याची 36 माणसं दिवसभर तिथे गारठत पडून होती. संध्याकाळी ऑक्झिलरींच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या निमलष्करी पोलिसांच्या, दोन लॉऱ्या आल्या, आत महायुद्धात अधिकारी म्हणून लढलेले लोक. बॅरी स्वतः रस्त्यात उभा होता, पहिल्या लॉरीवर बॉम्ब त्यानेच टाकला. पुढचं सगळं काही पावलांच्या अंतरावरून झालं. याला लपून मारणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा भाषण संपल्यावर एक वयस्कर शेतकरी मला बाजूला घेऊन गेला. काठीने दाखवत म्हणाला, दुसरी लॉरी इथे होती, आपले तिघे इथे पडले. मायकल मॅकार्थी, जिम ओ'सलिव्हन आणि पॅट डेझी. पॅट सोळा वर्षांचा. पहिले दोघे जागीच गेले. पॅट मात्र जखमी अवस्थेत जवळच्या एका घरी काही तासांनी गेला. तिघांना आधी दलदलीत पुरलं आणि मग रात्रीच्या अंधारात कॅसलटाउन-केनीच्या दफनभूमीत नेलं. म्हाताऱ्याने प्रत्येकाचं गाव सांगितलं, घर सांगितलं. पुस्तकांतून मात्र याच ठिकाणी भांडण पेटलेलं असतं: ऑक्झिलरींनी शरण आल्याचं नाटक करून गोळ्या झाडल्या, की बॅरीच्या माणसांनी शरण आलेल्यांना मारलं? बॅरीने पहिलं सांगितलं, इतिहासकार पीटर हार्टने 1998 मध्ये ते खोटं ठरवलं, आणि तेव्हापासून इतिहासकार एकमेकांच्या उरावर बसलेत. त्या कलकलाटात सोळा वर्षांचं पोर कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर सोहळा हवा तो एवढ्यासाठीच.

‘तुझा काय संबंध’ याचंही उत्तर दादांना देतो. हाच बॅरी 1916 मध्ये ब्रिटिश तोफखान्यात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होता, तुर्कांनी कुत शहराला घातलेला वेढा फोडायला निघालेल्या फौजेत. ब्रिटिशांविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या उठावाची बातमी त्याला तिकडेच कळली. आणि कुतमध्ये उपाशी अडकली होती ती पुणे डिव्हिजन, मराठा पलटणींसकट! दादा, फौजी माणसाने हे मला सांगायला हवं होतं.

तिथे काय असतं? पाइप बँड, पुष्पचक्र, प्रार्थना, कुणा पुढाऱ्याचं भाषण, शेवटी राष्ट्रगीत. नोव्हेंबरच्या शेवटी असतं, जाड कोट आणि रबरी बूट न्या.

मात्र सगळे सोहळे एका मापाने मोजू नका. ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधलं लॉगॉल वेगळं. 8 मे 1987 ला एसएएस या ब्रिटिश कमांडो पथकाने तिथे नंतरच्या काळातल्या आयआरएचे आठ जण मारले आणि वाटेने गाडीतून जाणारा एक निरपराध माणूसही मारला गेला. तिथल्या जखमा अजून ओल्या आहेत. नवख्याने तिकडे ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नये. 2020 मध्ये एका आयरिश खासदाराने किलमायकल आणि या नंतरच्या आयआरएचा 1979 चा उत्तरेतला ब्रिटिश सैनिकांवरचा हल्ला एकाच ट्वीटमध्ये जोडला, तर त्याला माफी मागावी लागली. आणि किलमायकललाही ऑक्झिलरींचे सतरा जण गेले, तेही कुणाची तरी मुलं होती. दादांचा एवढा मुद्दा मी मान्य करतो, याहून जास्त नाही.