विज्ञानपटांतले रोबोट आणि संगणक माणसांवरच का उलटतात? खरंच त्यांचं डोकं फिरतं का?

फार थोड्यांचं फिरतं. आठवणीत राहणाऱ्या सिनेमांत यंत्र बहुतेक वेळा सांगितलेलं कामच करत असतं. गोची त्या हुकमातच असते.

हॅल ९००० घ्या. स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या सिनेमातला, अंतराळयान चालवणारा हा संगणक यानाच्या अँटेनाचा एक भाग लवकरच निकामी होणार, असं सांगतो. तो भाग काढून तपासला तर धडधाकट निघतो. मग बोमन आणि पूल हे दोन अंतराळवीर यानातल्याच एका छोट्या यानात बसून, हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बंद करून, त्याला बंद करण्याविषयी बोलतात. हॅल त्यांच्या ओठांवरून सगळं ओळखतो. पुढचे खून सगळ्यांना आठवतात. मात्र हॅलला बंद केल्यावर जी ध्वनिचित्रफीत सुरू होते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मोहिमेचा खरा हेतू यानावर फक्त हॅललाच ठाऊक होता, हे तिथे कळतं. प्रवासात जागे असलेले बोमन आणि पूल दोघेही अंधारात होते. १९८४ च्या '२०१०' या पुढच्या सिनेमामध्ये तर याचा थेट उलगडाच आहे: अचूक माहिती देणं हे ज्याचं काम, त्यालाच वरून लपवाछपवीचा हुकूम दिला गेला आणि त्या पेचात तो अडकला. मला हॅलची भीती वाटते, त्याहून जास्त कणव येते. असा हुकूम देणाऱ्या साहेबांना मात्र माफ करावंसं वाटत नाही.

'एलियन' (१९७९) मधल्या ॲश या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोटचंही तेच. परग्रहावरच्या जीवघेण्या जीवाला परत आणा, त्यापायी खलाशी गेले तरी चालतील, ही कंपनीची आज्ञा तो इमानेइतबारे पाळतो.

'रोबोकॉप' (१९८७) मधला ईडी-२०९ हा सशस्त्र रोबोट मात्र खरोखर बिघडलेला आहे. संचालकांच्या बैठकीत प्रात्यक्षिकासाठी एक तरुण अधिकारी त्याच्यावर पिस्तूल रोखतो, सांगितल्याबरोबर खाली टाकतो, तरीही यंत्राची उलटी मोजणी थांबत नाही आणि गोळ्यांनी त्या अधिकाऱ्याची चाळण होते. पण त्याहून भयानक गोष्ट पुढे आहे. हे यंत्र आणणारा बडा अधिकारी नंतर उघड बोलून दाखवतो की लष्कराची खरेदी पक्की होती, पंचवीस वर्षं सुटे भाग विकता आले असते, ते चालतं की नाही याला कोण विचारतो! हा प्रसंग मला संपूर्ण 'टर्मिनेटर'पेक्षा खरा वाटतो.

निव्वळ बिघाडाचा उत्तम सिनेमा म्हणजे मायकल क्रायटनचा 'वेस्टवर्ल्ड' (१९७३). करमणुकीसाठी बनवलेले रोबोट एकामागून एक बिघडू लागतात. बिघाड साथीच्या रोगासारखा पसरतोय, असं तिथला एक तज्ज्ञ म्हणतो. यांतली काही यंत्रं दुसऱ्या संगणकांनी रचलेली आहेत, ती नेमकी कशी चालतात हे आम्हालाही माहीत नाही, अशी कबुलीही देतो. १९७३ साली! शेवटी रोबोटांना आवरायला तिथले तंत्रज्ञ वीज तोडतात, ती पुन्हा जोडता येत नाही आणि नियंत्रण कक्षाची विजेवर चालणारी दारं बंदच राहिल्याने आत गुदमरून मरतात. रोबोट मात्र आत साठवलेल्या विजेवर चालतच राहतात.

एवढ्यांतला एकच पाहायचा असेल तर '२००१' पाहा. संथ आहे, धीर धरा. ती ध्वनिचित्रफीत लक्ष देऊन ऐका आणि मग हॅल मारेकरी की बळी, ते तुम्हीच ठरवा.