लेयरला 'स्तर' म्हणू नका

चाळीसगावच्या एका ताईंनी विचारलंय: मोबाइल ॲपसाठी त्या छोटे आयकॉन काढतात, शिकवण्यांमध्ये 'स्तर संमिश्रण' असं ऐकायला येतं; मग ब्रश आणि लेयर ब्लेंडिंगला (म्हणजे ॲपमध्ये पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवलेले लेयर, आणि त्यांचे रंग एकमेकांतून कसे दिसतात ते) मराठीत म्हणायचं काय?

ब्रशला ब्रश म्हणा, कुंचला म्हणा, कुणाचं काही अडत नाही. डोक्यात जातो तो हा 'स्तर'. मराठीत स्तर म्हणजे पातळी. यावल-रावेरकडे विहीर खोल नेताना गाळाचे थर लागतात आणि पाण्याचा स्तर खाली जातो. शेतकऱ्याला कळतं ते परिभाषावाल्यांना का कळू नये? भूगोलातले 'स्तरित खडक' दाखवून माझ्याशी वाद घालू नका. तिथे रुळलं ते तिथेच राहू द्या. लेयर म्हणजे थर.

आणि हा थर काही गावठी नाही. संस्कृत 'स्तृ' म्हणजे पसरणे, त्यावरून स्तर. प्राकृतात सुरुवातीच्या 'स्त'चा 'थ' झाला, स्तनाचं थान झालं तसाच स्तराचा थर. 'आस्तरण'चं झालं अंथरूण. 'प्रस्तर'चा झाला फत्तर, आणि त्याच घरातली पथारी. लॅटिनमध्ये याच धातूच्या भावंडापासून 'स्त्राता', म्हणजे फरसबंद वाट, आणि तिच्यापासून इंग्रजी 'स्ट्रीट'. म्हणजे जळगावच्या बाजारात स्ट्रीटवर पथारी टाकून बसलेला माणूस एकाच धातूवर दोनदा बसलेला असतो! कोशकार 'अस्तर'पुढे फारसी असा शिक्का मारून मोकळे होतात. शिक्का खरा, पण अर्धाच. फारसीतलं अस्तर आणि आपलं अंथरूण सख्खी चुलत भावंडं आहेत, बिस्तरसुद्धा त्यातलंच, हे सांगायला त्यांची शाई का संपते?

अजिंठा आपल्या उंबऱ्यावरच आहे. तिथे खडकावर भुसा-तूस घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. फत्तरावर थर! धातू एकच.

हां, ब्लेंडिंग. 'संमिश्रण' चूक, कारण वाटीत रंग कालवले की ते परत वेगळे होत नाहीत. इथे थर शाबूत राहतात, फक्त दिसणं बदलतं. मी 'थर-मेळ' म्हणेन. मल्टिप्लाय हा ब्लेंडिंगचा एक प्रकार, त्याला 'गडद करा' म्हणणाऱ्यांनी मात्र गणिताचं पुस्तक उघडावं. तो खराखुरा गुणाकार आहे: पांढरा १, काळा ०, मधला करडा ०.५, करड्यावर करडा ठेवला की ०.५ × ०.५ = ०.२५. म्हणून गडद होतं, आणि पांढऱ्याचा काहीच परिणाम होत नाही. 'गुणाकार' हाच शब्द घ्या. २४ × २४ पिक्सेलच्या आयकॉनात सावली अशा वेगळ्या थरावर ठेवा, आणि ब्रश कडक काठाचा घ्या. मऊ ब्रशची धूसर कड एवढ्याशा जागेत अर्धं चित्र खाते.

आणि हिंदी व्हिडिओ बघून ब्रशला 'कुंची' तेवढं म्हणू नका. हिंदी कुंचीचं आणि आपल्या कुंचल्याचं मूळ एकच, संस्कृत 'कूर्च', पण मराठीत कुंची बाळाच्या डोक्यावर बांधतात.