इंग्रजीतल्या ‘रन’ला इतके अर्थ कसे? वाक्यात नेमका अर्थ कसा ओळखायचा?

शब्द एकटा पाठ करू नका, मागचं-पुढचं बघा. ‘रन’नंतर कर्म आलं की बहुतेक वेळा अर्थ ‘चालवणे’: ‘रन अ शॉप’ म्हणजे दुकान चालवणे. कर्म नसलं तर कर्ता पाहा. माणूस पळतो, जालन्याची बस धावते, गोदावरी वाहते, नाक गळतं, धुताना कापडाचा रंग जातो, करार तीन वर्षं लागू राहतो. या सगळ्याला इंग्रजीत ‘रन’च, कारण हलत राहणं किंवा सलग चालू असणं हा भाव सगळीकडे आहे.

खरी फसगत जोडक्रियापदांत होते. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे, ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा आदळणे, ‘रन फॉर’ म्हणजे निवडणुकीला उभं राहणे. ही मात्र पाठच करावी लागतात.

‘ड्राय रन’ आपल्याकडे नीट कळायलाच हवा. ऑफिसात त्याचा अर्थ आधीचा सराव. बोअरच्या स्टार्टरवर लिहिलेला असेल तर मोटर पाण्याविना चालणे. सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडालेली मोटर, पाण्यानेच थंड राहते. मे महिन्यात बोअरचं पाणी तुटलं की बुश (फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी) घासतात, वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळतं. पॅनेलमधलं ड्राय रन प्रोटेक्शन अँपिअर, म्हणजे मोटर ओढत असलेला करंट, उतरले की मोटर बंद करतं. ते बायपास करून मोटर चालवू नका.

परीक्षेतली नेहमीची चूक: ‘हॅज रॅन’. रूपं रन-रॅन-रन अशी आहेत, म्हणून ‘हॅज रन’.