जमीन सरकारची, मग परवाना कशासाठी?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मुलाकडे ॲरिझोनात गेलो होतो. फिनिक्सबाहेरच्या माळावर तंबू ठोकणार, तोच परवान्याशिवाय प्रवेश नसल्याची पाटी दिसली. जमीन राज्याचीच असल्याचे मुलाने सांगितले. मग ती लोकांना मोकळी का नसावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही गल्लत तिथल्या रहिवाशांचीही होते. त्या जमिनीबाबत राज्य केवळ विश्वस्त आहे. लाभार्थी आहेत प्रामुख्याने सरकारी शाळा. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या सहा मैल लांब-रुंद तुकड्याचे, एकेक चौरस मैलाचे ३६ चौकोन पाडून १६ वा चौकोन शाळांसाठी राखला आणि पुढे ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात, जिथे एका चौकोनातून शाळांच्या पदरात फारसे काही पडले नसते, तिथे २, १६, ३२ आणि ३६ असे चार चौकोन दिले गेले. आज ही जमीन सुमारे ९२ लाख एकर भरते. चराईचे व खाणींचे भाडे, तसेच लिलावातील विक्री यांतून येणारा पैसा न्यासाकडे जातो. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची आठवण यावी, असाच हा प्रकार आहे. महामार्गासाठी घेतलेल्या अशा जमिनीचा पूर्ण मोबदला राज्याने न्यासाला दिलाच पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. जिथे राज्याच्या रस्त्यालाच सूट नाही, तिथे आपल्या तंबूला कुठून मिळणार?

परवाना मात्र सहज, घरबसल्या ऑनलाइन मिळतो आणि वर्षभर चालतो. त्यावर वर्षाकाठी १४ दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. चराईच्या कुरणातून जाताना फाटक जसे होते तसेच ठेवावे, उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. आणि गुरांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू टाकू नये, कारण माणसांची चाहूल लागली की तहानलेली जनावरे पाण्याकडे फिरकत नाहीत. उभ्या पिकाची, खाणीची वा लष्कराच्या ताब्यातील जमीन परवाना असूनही बंदच राहते.

हा नियम ॲरिझोनापुरता समजावा. कोलोरॅडोत अशा जमिनी मुळातच लोकांना बंद असतात आणि राज्याच्या वन्यजीव विभागाने शिकार-मासेमारीसाठी भाड्याने घेतलेल्या ठरावीक जमिनीच त्या त्या हंगामात उघडतात. तेव्हा मुलाने पुढच्या खेपेला तिकडे नेले, तर ॲरिझोनाचा परवाना दाखवून काही साधणार नाही.