‘जागा सोड’ असे सांगण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. नव्या हंगामापासून तू मोटार शर्यतीत चालकाशी रेडिओवर बोलणारी रेस इंजिनिअर म्हणून ट्रॅककडेच्या पिटवॉलवर बसणार, याचे अभिनंदन मी फोनवर केलेच आहे, म्हणून आता थेट तुझ्या प्रश्नाकडे वळतो. आपला चालक चांगल्या वेगात असताना त्याला संघातल्या दुसऱ्या गाडीसाठी जागा सोडायला सांगण्याची वेळ आली, तर ते कोणत्या तोंडाने सांगायचे, असे तू विचारले आहेस. आदेश संघप्रमुखाचा असेल, हिशेब डावपेच आखणाऱ्यांचा असेल, पण हेल्मेटच्या आत पोहोचणारा आवाज तुझा असेल. आणि मागच्या गाडीचे अंतर, टायरची अवस्था, पुढच्या वळणावर सुरू झालेला पाऊस हे सारे एरवी सांगणाराही तोच आवाज असणार आहे. हा प्रश्न तुला पहिल्या शर्यतीआधीच पडला, याचे मला बरे वाटले. मला तो फार उशिरा पडला होता.

टीम ऑर्डर, म्हणजे चालकाला दिलेला संघाचा असा आदेश, हा सरसकट अन्याय असतो, असे मी मानत नाही. फॉर्म्युला वनमध्ये चालकांचे जगज्जेतेपद १९५० पासून आहे आणि संघांचे १९५८ पासून, त्यामुळे प्रत्येक शर्यतीत खरे तर दोन स्पर्धा एकाच वेळी चालू असतात. आजच्या नियमांप्रमाणे पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण मिळतात. तुमच्या दोन्ही गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या तर संघाच्या खात्यात ४३ गुण जमा होतात आणि पुढे कोण होते याने त्या बेरजेत काडीचाही फरक पडत नाही. चालकाच्या खात्यात मात्र सात गुणांचा पडतो. शिवाय आपल्यासारखीच गाडी मिळालेला माणूस साऱ्या मैदानात एकच असतो, तो म्हणजे संघातला दुसरा चालक, आणि प्रत्येकाची योग्यता त्याच्याशीच ताडून पाहिली जाते. हे सारे ठाऊक असूनच चालक करारावर सही करतो. तेव्हा आदेश असावा की नसावा, या वादात तू पडू नकोस. तो शर्यतीआधी दोघांसमोर ठरला होता की ऐन वेळी एकाच्याच कानात घातला गेला, आणि घालताना खरे बोलले गेले की नाही, यावर त्यातला न्याय-अन्याय ठरतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

ऑस्ट्रियातली २००२ ची शर्यत तू चित्रफितीतच पाहिली असशील. हंगामातली ती सहावीच शर्यत होती आणि आधीच्या पाचपैकी चार जिंकून मायकल शूमाकर गुणतक्त्यात कितीतरी पुढे होता. पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवून शर्यतीत आघाडीवर राहिलेल्या, त्याच्याच फेरारी संघातल्या रुबेन्स बारिकेलोने शेवटच्या सरळ पट्ट्यावर वेग कमी केला आणि शूमाकर ०.१८२ सेकंदाने जिंकला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने बारिकेलोला पोडियमच्या, म्हणजे विजेत्यांच्या मंचाच्या, सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले. गंमत अशी की, आदेश देणे तेव्हा नियमबाह्य नव्हते, त्यामुळे दहा लाख डॉलरचा दंड झाला तो पोडियमचे शिष्टाचार मोडल्याबद्दल. शूमाकरने ते जगज्जेतेपद जुलैमध्येच, सहा शर्यती बाकी असताना निश्चित केले. म्हणजे त्या दिवशी बारिकेलोकडून जे घेतले गेले, त्याची कोणालाच गरज नव्हती.

त्यानंतर २००३ पासून शर्यतीचा निकाल बदलणाऱ्या आदेशांवर बंदी आली. बंदीने आदेश थांबले नाहीत, त्यांची भाषा तेवढी बदलली. ती भाषा कशी होती, हे पाहायचे असेल तर २५ जुलै २०१० ची हॉकेनहाइमची शर्यत नीट ऐक. फेरारीचा फेलिपे मासा आघाडीवर होता, त्याच संघातला फर्नांडो अलोन्सो त्याच्या मागे. याच तारखेला एक वर्षापूर्वी हंगेरीत दुसऱ्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग हेल्मेटवर आदळून मासा मरता मरता वाचला होता. त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली रेडिओवर थांबत थांबत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे, आणि हा निरोप कळला का, असे त्याने विचारले. मासाने वाट दिली. त्यानंतर स्मेडलीने त्याला शाबासकी दिली आणि ‘सॉरी’ म्हटले. अलोन्सो वेगात होता, हे खरेच होते. पण ते वाक्य म्हणजे शुद्ध ‘नरो वा कुंजरो वा’ होते, शब्द खरे आणि हेतू लपवण्याचा. नुसत्या माहितीबद्दल कोणी सॉरी म्हणत नाही, त्यामुळे त्या एका शब्दाने सगळे उघडे पडले. संघाला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि २०११ पासून बंदीच उठवण्यात आली. अलोन्सोला मिळालेले ते जास्तीचे सात गुण धरूनही त्या वर्षीचे जगज्जेतेपद चार गुणांनी हुकले, हे जाता जाता. मला स्मेडलीचा राग कधी आला नाही. सरळ बोलण्याची ज्याला मुभाच नव्हती, त्या माणसाचा आवाज आपल्या चालकाशी खोटे बोलायला कचरत होता, एवढेच मला त्यात ऐकू येते.

तुला तर सरळ बोलण्याची मुभा आहे. मलाही होती, तरी मी एकदा वेळ मारून नेली, ते आता सांगतो. फॉर्म्युला वनच्या कितीतरी खालच्या पायरीवरची ती शर्यत होती. वरून आदेश आला की दुसरी गाडी पुढे जाऊ द्या. माझा चालक ऐकणार नाही, अशी मला भीती वाटली, म्हणून मी त्याला म्हणालो, ‘मागचे टायर तापत आहेत, दोन लॅप जरा सांभाळून काढ.’ त्याने सांभाळून घेतले आणि दुसरी गाडी पुढे गेली. सोमवारी आम्ही दोघे टेलिमेट्री, म्हणजे गाडीने पाठवलेली आकडेवारी, पाहत बसलो असताना त्याने त्या दोन लॅपच्या तापमानाच्या रेषेवर बोट ठेवले. रेषा सपाट होती. तो काही बोलला नाही, पुढचा आलेख उघडला. काही आठवड्यांनी एका ओल्या शर्यतीत त्याच्या डाव्या मागच्या टायरमधली हवा हळूहळू कमी होत असलेली मला पडद्यावर दिसली आणि मी त्याला टायर बदलायला लगेच पिटमध्ये यायला सांगितले. त्याने विचारले, ‘नक्की?’ मी पुन्हा सांगेपर्यंत पिटचे वळण मागे पडले होते. पुढच्या लॅपमध्ये टायर फाटून गाडी वाळूत गेली. त्याला इजा झाली नाही, परंतु त्याचे ते ‘नक्की?’ मी आजही विसरलेलो नाही.

खरे बोलण्याइतकेच नेमके बोलणेही आवश्यक आहे. १९८२ मध्ये इमोला येथे फेरारी संघाच्या दोन्ही गाड्या पुढे असताना पिटमधून चालकांना ‘स्लो’ असा फलक दाखवण्यात आला. आहे त्या क्रमाने शर्यत संपवायची, असा त्याचा अर्थ जिल व्हिलनव्हने घेतला. दिदिए पिरोनीने तसा घेतला नाही आणि त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. एका शब्दाच्या दोन अर्थांवरून तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याची संधीच आली नाही, कारण तेरा दिवसांनी झोल्डरच्या पात्रता फेरीत व्हिलनव्हचा मृत्यू झाला. उलट २०१३ मध्ये सेपांगला ‘मल्टी २१’ या संकेताचा अर्थ, म्हणजे २ क्रमांकाची गाडी पुढे आणि १ क्रमांकाची मागे, एकाच संघातल्या दोन्ही चालकांना पक्का ठाऊक होता. तरी १ क्रमांकाच्या सेबॅस्टियन व्हेटेलने २ क्रमांकाच्या मार्क वेबरला मागे टाकलेच. नेमकी भाषा आज्ञापालनाची हमी देत नाही. पण चूक कोणाची, याबद्दल नंतर शंका राहत नाही, आणि वर्षभर एकाच गॅरेजमध्ये वावरायचे असेल तर ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

आता ज्या शर्यतीविषयी तू खास विचारले आहेस, ती मॉन्झाची, २०२५ ची. तिच्याआधी एक वर्ष मागे जावे लागेल. २०२४ मध्ये हंगेरीत मॅक्लारेनचा ऑस्कर पिआस्ट्री पुढे होता आणि त्याच संघातला लॅन्डो नॉरिस मागे. टायर बदलण्याच्या शेवटच्या थांब्यासाठी संघाने नॉरिसला आधी पिटमध्ये बोलावले, ताज्या टायरवर तो अर्थातच पुढे निघाला, आणि मग त्याला जागा परत करायला सांगण्यात आले. कितीतरी लॅप त्याचा इंजिनिअर त्याची समजूत काढत होता. अखेर अगदी थोड्या लॅप उरल्या असताना नॉरिसने वाट दिली आणि पिआस्ट्री आपली पहिली शर्यत जिंकला. सारे जण नॉरिसच्या मनाच्या मोठेपणावर बोलले. मला विचारशील तर पेच पिटवॉलने निर्माण केला आणि सोडवायला चालकाला लावला. मागच्या गाडीला आधी बोलावताना ‘ही पुढे निघाली तर काय’ याचे उत्तर चालकाला त्याच वेळी दिले असते, तर पुढची विनवणी टळली असती.

मॉन्झाला ते उत्तर आधी दिले गेले होते, तरीही गुंता झाला, म्हणून ती शर्यत अधिक शिकण्यासारखी आहे. नॉरिस दुसरा होता, पिआस्ट्री तिसरा. पिआस्ट्रीला आधी थांबवायचे ठरले आणि त्याचा फायदा घेऊन तो पुढे जाणार नाही, असा शब्द नॉरिसला देण्यात आला. नंतर नॉरिसच्या थांब्यात पुढचे डावे चाक बसवताना खोळंबा झाला, जवळपास सहा सेकंद गेले आणि पिआस्ट्री पुढे निघाला. त्याला जागा परत करायला सांगितल्यावर तो म्हणाला की, संथ पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग आहे असे आपले ठरले होते, मग आता काय बदलले ते मला समजत नाही, पण तुम्ही सांगत असाल तर करतो. आणि त्याने केले. तो चुकला, असे मला वाटत नाही. एकाला एक शब्द दिलेला होता, दुसऱ्याच्या मनात आधीची समजूत होती, आणि दोन्ही एकाच क्षणी खऱ्या ठरल्या तर वरचढ कोणती, हे मात्र कोणी ठरवले नव्हते. थांब्यांचा क्रम बदलला नसता तर बहुधा ती जागा गेलीच नसती, म्हणून संघाचा निर्णय मला योग्य वाटतो; पण तो ‘बहुधा’वर उभा आहे, हे मान्य करायला हवे. त्या अदलाबदलीची किंमत तीन गुण होती. हंगामाअखेर नॉरिसचे ४२३ गुण झाले आणि दुसऱ्या संघातल्या मॅक्स व्हर्स्टॅपनचे ४२१, म्हणजे जगज्जेतेपद दोनच गुणांनी नॉरिसकडे गेले. नुसती वजाबाकी करू नये, पुढच्या शर्यती वेगळ्याच झाल्या असत्या, हे खरे. तरीही ती वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही.

जागा घेतली असेल तर ती परत करण्याची तयारी कशी असते, हे २०१७ च्या हंगेरीत दिसले. पुढच्या गाड्यांवर हल्ला करता यावा म्हणून लुईस हॅमिल्टनने आपल्याच संघातल्या व्हाल्टेरी बोटासकडून जागा मागून घेतली. जमले नाही तेव्हा, मागून व्हर्स्टॅपन जवळ येत असतानाही, शेवटच्या वळणावर ती परत केली आणि स्वतःचे तीन गुण सोडले. याउलट २०२२ मध्ये ब्राझीलला सहाव्या जागेवरच्या व्हर्स्टॅपनने, स्वतःचे जगज्जेतेपद आधीच निश्चित झालेले असताना, आपल्याच संघातल्या सर्जिओ पेरेझला दोन गुणांची जागा परत द्यायला नकार दिला. आपली कारणे आपण आधीच सांगितली आहेत, असे तो रेडिओवर म्हणाला. जुना हिशेब आत कुठेतरी तुंबून होता आणि तो बाहेर पडायला सहाव्या-सातव्या जागेचे निमित्त पुरले.

एक मर्यादा मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसली तरी तुझ्या मनात असू दे. २००८ मध्ये सिंगापूरला नेल्सन पिके ज्युनिअरने संघाच्या दुसऱ्या गाडीच्या फायद्यासाठी मुद्दाम भिंतीवर गाडी घातली. ती टीम ऑर्डर नव्हती, तो इतरांच्या जिवाशी केलेला खेळ होता. तसले काही तुझ्या कानावर आले तर हेडसेट काढून ठेव आणि उठ.

बाकी कामाचे म्हणशील तर शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत दोन्ही चालक आणि दोन्ही इंजिनिअर एकाच टेबलाशी असावेत, असा आग्रह धर. क्रम बदलला तर काय, थांबा लांबला तर काय, अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली तर काय, हे तिथेच मोठ्याने विचार. संघप्रमुख वैतागला तरी विचार. जे ठरेल ते दोघांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितले जाऊ दे. आणि रविवारी वेळ आलीच, तर ‘संघाचा आदेश आहे, जागा सोड, कारण शर्यतीनंतर सांगते’ एवढेच म्हण, आणि शर्यतीनंतर तो गाडीतून उतरेल तेव्हा खरेच तिथे उभी राहा. तो चिडलेला असेल, कदाचित बोलणारही नाही. तरी उभी राहा.

पहिली बैठक झाली की कोण काय म्हणाले ते सविस्तर कळव.

तुझा,
जुना सहकारी